विंडोज ११ कडे जाताना हार्ड डिस्कचे पार्टिशन कसे सांभाळावे

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्याच्या आगेमागे अनेक घरांत व लहान कार्यालयांत एकच अनुभव आला. संगणक २०१८-१९ चा, म्हणजे प्रोसेसर चालण्याजोगा, मेमरी पुरेशी. तरीही मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' सांगते की या संगणकावर सिक्युअर बूट (सुरू होताना केवळ मान्य स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) उपलब्ध नाही, म्हणून विंडोज ११ चालणार नाही. पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो. संगणक जुळवून देणाऱ्याने विंडोज १० टाकताना जुन्या सवयीने डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असते, सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह पाडून दिलेले असतात आणि नवी प्रणाली नेमकी त्या विभागणीवर अडते. मग कोणीतरी पेनड्राइव्हवरचे एखादे जुने पार्टिशन सॉफ्टवेअर काढून 'दोन मिनिटांत करून देतो' म्हणतो. त्या दोन मिनिटांपूर्वी काय पाहावे, कोणते काम विंडोजच्या साधनानेच करावे आणि बाहेरचे साधन कधी वापरावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली असली, तरी ती टंकताना इंग्रजी अक्षरे वापरायची आहेत.

गडबड नेमकी कुठे होते

पार्टिशन म्हणजे डिस्कवर बांधलेली भिंत नव्हे. कोणता भाग कोठून कोठपर्यंत, याची ती केवळ नोंद असते. एमबीआर पद्धतीत ही सगळी नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधील (म्हणजे डिस्कच्या सर्वांत लहान तुकड्यातील) ६४ बाइटमध्ये मावते, कारण तिच्यात प्रत्येकी १६ बाइटच्या चारच ओळी असतात. १९८३ पासून चालत आलेल्या या रचनेत म्हणूनच चारपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन बसत नाहीत आणि ५१२ बाइटच्या सेक्टरच्या डिस्कवर २ टेराबाइटच्या पलीकडची जागा मोजताच येत नाही. चाराहून अधिक ड्राइव्ह हवे असले की त्यांपैकी एका ओळीला 'एक्स्टेंडेड' ठरवून तिच्या पोटात लॉजिकल ड्राइव्ह साखळीने जोडावे लागतात. जीपीटी ही नवी पद्धत नोंदवहीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवते आणि विंडोजमध्ये १२८ पार्टिशनपर्यंत जाते.

पार्टिशनचे सॉफ्टवेअर ही नोंद वाचते, तिचा अर्थ लावते आणि ती पुन्हा लिहिते. अडचण अर्थ लावण्यात असते. सॉफ्टवेअर ज्या काळात तयार झाले त्या काळातील प्रणालीचे संकेत त्याच्या हाडीमासी असतात आणि नवी प्रणाली संकेत बदलते तेव्हा त्याला योग्य नोंदही चुकीची वाटू लागते. याचे धडधडीत उदाहरण विंडोज व्हिस्टाच्या वेळी दिसले. विंडोज एक्सपीपर्यंत पहिले पार्टिशन सामान्यतः ६३ व्या सेक्टरपासून सुरू होत असे, कारण सिलिंडरच्या, म्हणजे डिस्कवरील वर्तुळाकार पट्ट्यांच्या, सीमा पाळण्याचा जुना रिवाज होता. व्हिस्टाने तो सोडून २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे नेमक्या १ एमबीवरून, सुरुवात केली. दोन्ही प्रणाली एकाच डिस्कवर ठेवणाऱ्यांनी व्हिस्टाने पाडलेल्या डिस्कवर एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लॉजिकल ड्राइव्ह तयार केला किंवा काढला, तर आधीचे लॉजिकल ड्राइव्ह नोंदीतून नाहीसे होऊ शकत. माहिती डिस्कवर तशीच असे. तिचा पत्ता मात्र पुसला जाई. त्या काळी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या पार्टिशनमॅजिक या पार्टिशनच्या सॉफ्टवेअरची व्हिस्टासाठी आवृत्तीच निघाली नाही. येथे लक्षात घ्यावे की एक्सपीचे साधन मायक्रोसॉफ्टचेच होते. 'कंपनीचे अधिकृत आहे' एवढ्याने भागत नाही. साधन आणि प्रणाली एका पिढीची असावी लागतात.

विंडोज ११ च्या बाबतीत सेक्टरच्या सीमांचा प्रश्न उरलेला नाही. आता घोळ चार ठिकाणी होतो: डिस्कवरचे एनक्रिप्शन (माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करणे), रिकव्हरी पार्टिशनची (विंडोज अडल्यास दुरुस्तीचा पडदा उघडणाऱ्या भागाची) जागा, सिक्युअर बूट आणि एमबीआर-जीपीटीचा बदल. पाचवे ठिकाण नवख्या माणसाला क्वचितच लागते. विंडोज ११ मधील 'डेव्ह ड्राइव्ह' रेफएस या वेगळ्या फाइल पद्धतीवर चालतो; ती न ओळखणारे सॉफ्टवेअर त्या भागाला 'रॉ' किंवा 'अज्ञात' म्हणून दाखवते आणि फॉरमॅट करण्याचा सल्ला देते. तो सल्ला मानू नये.

पहिली पायरी: फक्त पाहणे

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडावे. खालच्या भागात 'डिस्क ०' असे लिहिलेल्या करड्या चौकटीवर उजवी क्लिक, मग प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. तेथे 'पार्टिशन स्टाइल' या ओळीत एमबीआर की जीपीटी हे कळते. त्यानंतर 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडून 'बायोस मोड' समोर लेगसी (संगणक सुरू करण्याची जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी पद्धत), ते पाहावे. एमबीआर आणि लेगसी ही जोडी आढळली, तर वर सांगितलेली परिस्थिती आपलीच आहे असे समजावे. जीपीटी आणि यूईएफआय दिसत असूनही हेल्थ चेक तक्रार करत असेल, तर विभागणीला हात लावण्याचे कारणच नाही. बहुधा सिक्युअर बूट किंवा टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय) केवळ बंद ठेवलेले असते आणि ते बायोसमधून, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमधून, सुरू करता येते.

आता एक कागद घ्यावा आणि पडद्यावर डावीकडून उजवीकडे जे तुकडे दिसतात ते त्याच क्रमाने, आकारासह, काढून ठेवावेत. हे शाळकरी वाटेल, परंतु मधोमध बसलेला बिननावाचा ५०० एमबीचा तुकडा कोणता होता हे नंतर आठवत नाही. प्रत्येक तुकड्याखाली तो प्रायमरी आहे की लॉजिकल, हेही लिहावे. डिस्क मॅनेजमेंट प्रायमरी भाग गडद निळ्या पट्टीने दाखवते, तर एक्स्टेंडेड भागाला हिरवी चौकट असते.

दुसरी पायरी: किल्ली आणि प्रत

बिटलॉकर हे विंडोजचे एनक्रिप्शन किंवा होम आवृत्तीतील 'डिव्हाइस एनक्रिप्शन' चालू आहे का, ते सेटिंग्जमध्ये तपासावे. आपण कधी चालू केले नाही म्हणून ते बंदच असेल, असे धरून चालू नये. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या अनेक संगणकांवर ते आपोआप सुरू होते आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने प्रणाली टाकल्यावर तसे होण्याचे प्रमाण वाढले आहे. ते चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून शोधून कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमध्ये बदल केल्यावर, सिक्युअर बूट बंद-चालू केल्यावर किंवा बूटच्या मार्गात फेरफार झाल्यावर संगणक हीच किल्ली मागतो आणि ती नसेल तर आतील माहिती कायमची अंतरते. काम सुरू करण्यापूर्वी बिटलॉकर 'सस्पेंड' करावे. डिव्हाइस एनक्रिप्शनमध्ये हा पर्याय नसतो; तेथे ते पूर्ण बंद करून डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबणे सुरक्षित.

प्रतीबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. सी ड्राइव्हवरच्या फाइली त्याच डिस्कच्या ई ड्राइव्हवर ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. नोंदवही एकच असते. ती बिघडली की सी आणि ई दोघेही एकदम दिसेनासे होतात. माझ्याकडे तेव्हा सगळे काही 'ई मध्ये सुरक्षित' होते आणि चार दिवस रिकव्हरी सॉफ्टवेअरसमोर बसून अर्धेच परत मिळाले. प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, तिच्यातील दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि काम चालू असताना ती डिस्क काढून बाजूला ठेवावी. जोडलेली राहिली तर यादीत 'डिस्क १' म्हणून तीही दिसते आणि गडबडीत तिच्यावरच आज्ञा चालवली जाऊ शकते.

तिसरी पायरी: सी ड्राइव्हला जागा

विंडोज ११ साठी किमान ६४ जीबीची साठवण लागते आणि जुन्या विभागणीत सी बहुधा भरलेला असतो. विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट ड्राइव्ह लहान करू शकते, काढू शकते आणि वाढवूही शकते. मात्र वाढवताना रिकामी जागा त्या ड्राइव्हच्या लगेच उजवीकडेच असावी लागते. पार्टिशन सरकवण्याची सोय त्यात नाही. बाहेरच्या सॉफ्टवेअरचा मोह येथेच होतो.

डी ड्राइव्ह सीला चिकटून असेल आणि दोन्ही प्रायमरी असतील तर मोहाचे कारण नाही. डीमधील सर्व काही बाहेर नेऊन डी काढून टाकावा, सी वाढवावा आणि उरलेल्या जागेत डी पुन्हा तयार करावा. सरकवण्याच्या कामात सॉफ्टवेअर शेकडो जीबी माहिती एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे लिहिते आणि मध्येच वीज गेली तर ती ना इथे असते ना तिथे. फाइली बाहेर काढून परत आणायला वेळ तेवढाच लागतो, पण कोणत्याही क्षणी त्यांची एक प्रत शाबूत असते. आपल्याकडील विजेचा भरवसा पाहता हा फरक लहान नाही.

डी लहान करतानाच विंडोज अपेक्षेपेक्षा फार कमी जागा देऊ करत असेल, तर न हलवता येणारी एखादी फाइल मध्ये बसलेली असते. इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन नोंदीत २५९ क्रमांकाच्या घटनेत तिचे नाव सापडते. सीच्या बाबतीत ती बहुधा हायबरनेशनची फाइल, पेजफाइल किंवा सिस्टिम रिस्टोअरची साठवण असते; ही तिन्ही तात्पुरती बंद करून संगणक पुन्हा सुरू केल्यावर बरीच जागा मोकळी होते.

सी आणि डीच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर गोष्ट किचकट होते. विंडोज १० च्या मोठ्या अपडेटांनी कित्येक संगणकांवर सीच्या शेपटीला हा सुमारे ५०० एमबीचा तुकडा स्वतःहून जोडला आहे. बाहेरचे सॉफ्टवेअर तो सहज उजवीकडे सरकवते, काम यशस्वी झाल्याचेही सांगते; परंतु रिकव्हरी कोणत्या जागी आहे याची वेगळी नोंद विंडोजकडे असते आणि ती मात्र जुनीच राहते. मग रोजच्या वापरात काहीच जाणवत नाही आणि संगणक अडला की दुरुस्तीचा पडदा उघडत नाही. यासाठी आधी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'रीएजंटसी /इन्फो' (रीएजंट या इंग्रजी शब्दाला शेवटी सी जोडून) ही आज्ञा द्यावी. 'एनेबल्ड' दिसत असेल तर 'रीएजंटसी /डिसेबल' दिल्यावर रिकव्हरीची फाइल सी ड्राइव्हवर परत येते. त्यानंतरच तो रिकामा झालेला तुकडा काढावा. डिस्क मॅनेजमेंट तो काढू देत नाही; त्यासाठी डिस्कपार्ट या कमांड प्रॉम्प्टवरील साधनात डिस्क व पार्टिशनचा क्रमांक कागदावरील चित्राशी दोनदा ताडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' द्यावे लागते. शेवटी 'रीएजंटसी /एनेबल' देऊन पुन्हा स्थिती पाहावी. बिटलॉकर वापरायचे नसेल तर रिकव्हरी सी ड्राइव्हवरूनही चालते. वापरायचे असेल तर तिला स्वतंत्र पार्टिशन लागतेच, आणि ते करताना निदान १ जीबी जागा द्यावी. कंजुषीचा परिणाम जानेवारी २०२४ मध्ये दिसला: रिकव्हरीसाठीच्या एका सुरक्षा अपडेटला त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा हवी होती, ती नसलेल्या असंख्य संगणकांवर ८००७०६४३ या आकड्याने संपणारी चूक येत राहिली आणि मायक्रोसॉफ्टने सामान्य वापरकर्त्यांना कमांड प्रॉम्प्टवरून पार्टिशन मोठे करण्याच्या सूचना दिल्या. हा उपाय घरगुती माणसावर सोपवणे मला आजही योग्य वाटत नाही.

चौथी पायरी: एमबीआरचे जीपीटी करणे

हे काम बाहेरच्या सॉफ्टवेअरकडे देण्याची गरज सहसा नसते. २०१७ मधील विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून 'एमबीआर२जीपीटी' हे साधन प्रणालीतच आहे आणि ते फाइली न पुसता नोंदवही बदलते. प्रथम केवळ तपासणी करावी: 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस'. ही आज्ञा डिस्कच्या विभागणीत काहीही बदलत नाही, म्हणून ती निर्धास्तपणे कितीही वेळा देता येते.

आपल्याकडील जुळवलेल्या संगणकांवर ही तपासणी पहिल्या फटक्यात पार पडणे अवघडच. साधनाची अट अशी की डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन असावीत, जेणेकरून बूटसाठी लागणाऱ्या नव्या पार्टिशनला वाव राहील, आणि एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल पार्टिशन एकही नसावे. आपल्या नेहमीच्या विभागणीत सिस्टिम रिझर्व्ह्ड (विंडोजने स्वतः पाडलेला बूटचा छोटा भाग), सी आणि डी ही तीन प्रायमरी आणि चौथ्या ओळीत एक्स्टेंडेड, त्याच्या पोटात ई व एफ, असा संसार असतो. तेव्हा ई आणि एफ बाहेरच्या डिस्कवर उतरवावेत, दोन्ही काढून टाकावेत आणि मग उरलेली हिरवी चौकट, म्हणजे रिकामे एक्स्टेंडेड पार्टिशनही, काढावे. शेवटची क्रिया बहुतेक जण विसरतात आणि सगळे करूनही तपासणी का फसते याचे नवल करत बसतात. एक्स्टेंडेडऐवजी चौथी ओळ रिकव्हरीच्या तुकड्याने घेतलेली असेल तर प्रायमरी चार होतात; अशा वेळी डीही बाहेर जावा लागतो. बदल झाल्यावर उरलेल्या जागेत हवे तेवढे ड्राइव्ह पाडता येतात, कारण जीपीटीत लॉजिकलची भानगडच नाही. काही बाहेरची सॉफ्टवेअर लॉजिकल ड्राइव्हसह बदल करून देतात हे खरे. पण ज्यांच्या प्रतीविषयी खात्री आहे त्यांनाही मी वरचाच लांबचा रस्ता सुचवेन.

तपासणी पार पडली की त्याच आज्ञेत 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट' लिहावे. येथून पुढे परतीची वाट नाही. जीपीटीचे पुन्हा एमबीआर करायचे तर विंडोजचे साधन डिस्क पूर्ण रिकामी मागते. काम संपल्यावर संगणक पुन्हा सुरू करून थेट बायोसमध्ये जावे, सीएसएम (लेगसी पद्धतीला दिलेली मुभा) किंवा लेगसी बंद करून यूईएफआय निवडावे आणि बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला ठेवावा. हे न करता संगणक सुरू केला तर काळा पडदा आणि 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश येतो. घाबरून डिस्क फॉरमॅट करणारे लोक मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात एक पर्याय बदलायचा राहिलेला असतो. विंडोज नीट उघडते आहे हे पाहिल्यावरच सिक्युअर बूट सुरू करावे.

दोन अपवाद. केवळ माहिती ठेवण्याची दुसरी डिस्क एमबीआर असली तर तिला बदलण्याची गरज नाही. विंडोज ११ ती व्यवस्थित वाचते. आणि काही छापखान्यांत जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरसाठी विंडोज ७ त्याच डिस्कवर शेजारी ठेवलेले असते, तेथे हा बदल करूच नये. विंडोज ११ साठी वेगळी एसएसडी बसवणे स्वस्तात पडते.

पाचवी पायरी: बाहेरचे सॉफ्टवेअर अटळच असेल तर

ते निर्मात्याच्या संकेतस्थळावरून ताजे उतरवावे आणि आपली विंडोज आवृत्ती त्याच्या यादीत आहे हे वाचून पाहावे. क्रॅक केलेली जुनी प्रत ही येथे केवळ नैतिकतेची बाब राहत नाही. बूट करता येणारा पेनड्राइव्हही त्याच ताज्या आवृत्तीतून नव्याने बनवावा. जुने पेनड्राइव्ह सिक्युअर बूटला मान्य असलेल्या स्वाक्षरीअभावी सुरूच होत नाहीत, आणि पूर्वी मान्य असलेली स्वाक्षरीही रद्द होऊ शकते: ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर विंडोजशेजारी लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांचे लिनक्स आणि पेनड्राइव्हवरून चालणारी जुनी लाइव्ह माध्यमे याच कारणाने बूट होईनाशी झाली. सिक्युअर बूट बंद करून काम उरकण्याआधी बिटलॉकरची किल्ली हाताशी असल्याची खात्री करावी.

जीपार्टेडसारखे लिनक्सवरील साधन वापरायचे असेल तर विंडोज पूर्णपणे बंद झालेले असले पाहिजे. फास्ट स्टार्टअप चालू असताना नेहमीचे 'शट डाउन' हे अर्धवट झोपणे असते, आणि त्या अवस्थेतील एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल पद्धत) ड्राइव्हचा आकार बदलण्यास ही साधने नकार देतात. तो नकार योग्य आहे. जबरदस्तीचा पर्याय शोधू नये. शिफ्टचे बटण दाबून धरून शट डाउन केले की प्रश्न सुटतो.

सॉफ्टवेअर अनेक बदल रांगेत ठेवून 'अप्लाय' एकदाच दाबू देते. तसे न करता एक बदल, मग विंडोज उघडून पाहणे, मग पुढचा बदल, असा क्रम ठेवावा. लॅपटॉप चार्जरला आणि डेस्कटॉप यूपीएसला जोडलेला असावा.

नव्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकताना यादीत एकही डिस्क दिसत नाही, असेही होते. अकराव्या पिढीपासून बऱ्याच यंत्रांत डिस्क सांभाळणारी व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नसू शकतो. डिस्क मेलेली नसते, पार्टिशनही बिघडलेले नसते; लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरील स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून ठेवून 'लोड ड्रायव्हर'मधून दाखवला की डिस्क प्रकट होते.

काम झाल्यावर

रिकव्हरीची स्थिती पुन्हा तपासावी, सस्पेंड केलेले बिटलॉकर पूर्ववत करावे (एमबीआर२जीपीटी चालवले असल्यास त्याची जुनी संरक्षणे काढून नवी जोडावी लागतात आणि नवी किल्ली उतरवून घ्यावी लागते) आणि बंद केलेले हायबरनेशन किंवा सिस्टिम रिस्टोअर हवे असल्यास सुरू करावे. फाइली परत आणण्यापूर्वी ड्राइव्हची अक्षरे मात्र पाहावीत. नव्याने पाडलेल्या ड्राइव्हला विंडोज जे अक्षर मोकळे असेल ते देते. पूर्वीचा ई आता जी झालेला असतो आणि दुकानाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर ई मध्येच डेटा शोधत 'कंपनी सापडत नाही' म्हणते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' मधून कागदावर लिहिलेले मूळ अक्षर परत द्यावे आणि मगच प्रत उतरवायला घ्यावी.